पंधरा मार्कांचा पंतप्रधान

मी आजवर मार पुष्कळ खाल्लाय. शाळेत हेडमास्तरांचा, लग्नात मेहुण्याचा, इलेक्शन ड्यूटीवर दोन्ही पक्षांचा एकाच वेळी आणि हिमायतनगरच्या बाजारात एका बैलाचा. बैल लहान होता असं बघणारे सांगतात, पण बघणारे जळके असतात. या सगळ्यांत मिळून माझा एकही दात पडला नाही. पुढचा वरचा दात पडला तो ब्रिटनच्या पंतप्रधानामुळे. कुठल्या पंतप्रधानामुळे म्हणून विचारू नका. त्या पदामुळेच पडला.

मी नांदेडात राज्यशास्त्र शिकवतो. आमच्याकडे परीक्षेचे पेपर तपासायला घरी देत नाहीत. उन्हाळ्यात एखाद्या कॉलेजचा मोठा हॉल धरतात, नांदेड-लातूर दोन्ही जिल्ह्यांतले मास्तर तिथं कोंडतात आणि आठ-दहा दिवस गठ्ठे फोडत बसवतात. त्याला आम्ही कॅप म्हणतो. त्या साली कॅप लातूरला होती. ऊन असं, की लाल पेनातली शाई कागदाला टेकायच्या आधीच वाळायची. कूलर होता, तो वारा देत नव्हता, नुसता ओरडत होता.

कॅपची एक जुनी रीत आहे. पहिल्या दिवशी कुणी तपासायला बसत नाही. प्रत्येक विषयाचा एक चेअरमन असतो, त्यानंच पेपर काढलेला असतो. त्याच्या हाताखाली तीन मॉडरेटर, म्हणजे आम्ही तपासलेलं पुन्हा तपासणारे. त्यांच्याखाली आम्ही परीक्षक. पहिल्या दिवशी हे सगळे खुर्च्या गोल मांडून बसतात, चार-पाच उत्तरपत्रिका मोठ्यानं वाचतात आणि कशाला किती मार्क द्यायचे ते भांडून ठरवतात. चेअरमनही भांडतो. बऱ्याचदा हरतो. हरल्यावर चहा तोच पाजतो.

त्या साली चेअरमन नवा होता. उंची सहा फूट, मनगट माझ्या मांडीएवढं, आणि तेव्हा माझी मांडी काही बारीक नव्हती. तरुणपणी उदगीरकडे कुस्त्या मारायचा म्हणे. त्यानं सात वर्षं घालून एक प्रबंध लिहिला होता: ब्रिटनचा पंतप्रधान आता पंतप्रधान राहिलेला नाही, तो अमेरिकेच्या अध्यक्षासारखा झालाय. प्रबंध एवढा जाड, की तो विद्यापीठात नेला तेव्हा रिक्षावाल्यानं दोन सीट लावल्या.

हा बाबा पहिल्या दिवशी आला तो नांदेडाहून टेम्पोत स्वतःची खुर्ची घालून. उंच पाठीची, फिरणारी. टेबलावर घंटी. आम्ही गोल मांडलेल्या खुर्च्या त्यानं शिपायाकडून सरळ रांगेत लावून घेतल्या आणि टाइप केलेला एकेक कागद वाटला.

“प्रश्न तिसरा, पंधरा मार्क,” तो म्हणाला. “ब्रिटनचा पंतप्रधान अध्यक्षासारखा झाला आहे, चर्चा करा. ज्यानं ‘होय’ लिहिलं त्याला चौदापर्यंत. ज्यानं ‘नाही’ लिहिलं त्याला जास्तीत जास्त चार.”

सगळ्यांत वयस्कर मॉडरेटर हळूच म्हणाले, “साहेब, प्रश्नात ‘चर्चा करा’ म्हणलंय.”

“केली चर्चा. सात वर्षं केली. तुम्ही आता तपासा.”

आणि घंटी वाजवली.

माझ्या शेजारी माझाच एक जुना विद्यार्थी बसला होता. हिमायतनगरकडच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायचा. तासिकेवर म्हणजे दर जूनला पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा देवाला नारळ. अंगानं इतका किरकोळ, की मुदखेडच्या फलाटावर गाडी गेली की दोन्ही हातांनी खांब धरायचा. पण तोंड खांबापेक्षा मजबूत. चहाच्या वेळी तो चेअरमनसमोर जाऊन उभा राहिला.

“सर, एक शंका हाय.”

“विचार.”

“अध्यक्षाला घरी पाठवायचं तर महाभियोग लागतोय. महिनोन् महिने चालतंय आन् तरीबी तो सहसा जात न्हाई. तिकडं लंडनात अकरा वर्षं राज्य केलेली बाई. एका संध्याकाळी तिचेच मंत्री एकेक करून खोलीत गेले. ‘बाई, मी तुमच्याकडूनच हाय, पण तुम्ही पडणार.’ दुसऱ्या दिवशी सकाळी खेळ खल्लास. मग ती अध्यक्ष कशी?”

मला राहवलं नाही. “एकेक करून!” मी म्हणालो. “प्रत्येकाच्या अस्तनीत सुरा. नंतर तिथला गालिचा पिळला तर बादलीभर रक्त निघालं असतं. आणि मधे एका गड्याचे मंत्री तर राजीनामे असे फेकून राहिले होते, जसे वरातीत फटाके. त्याच्यानंतरची बाई पन्नास दिवसही टिकली नाही.”

चेअरमन हसला. माणूस अडाणी नव्हता, हे मला कबूल करायला पाहिजे. “मेले कसे ते सांगता,” तो म्हणाला. “जगले कसे ते सांगा. पोस्टरवर कुणाचं तोंड? एकट्याचं. टीव्हीवर वादाला कोण उभं? एकटा. एकानं तर सोफ्यावर बसून मर्जीतल्या चार लोकांत सगळं ठरवलं, मंत्र्यांना दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं. मंत्रिमंडळ नुसतं भिंतीवरचं कॅलेंडर. मरताना सगळेच एकटे मरतात, त्यावरून राज्यपद्धत ठरत नाही.”

“पण सर—”

“तू आधी जूनमधे तुला परत घेतात का ते बघ. मग लंडनचं बोल.”

चारदोन जण हसले. मीही थोडा हसलो. त्याचा मला आजही राग येतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी घंटी अशी वाजली, की एका बाईंच्या हातातला चहा उत्तरपत्रिकेवर सांडला. चेअरमन उभा होता. हातात एक गठ्ठा, सुतळी तोडलेली, चेहरा तांबडालाल.

“ऐका,” तो गरजला आणि पहिली उत्तरपत्रिका वाचली. “‘ब्रिटनचा पंतप्रधान हा पंगतीतला पहिला माणूस होय. वाढपी त्याला आधी वाढतो, पण त्याच्या पानात पडते तेच सर्वांच्या पानात पडते, आणि पंगत उठली की त्याला एकट्याला जेवत बसता येत नाही.’” ती फेकली. दुसरी वाचली: पंगत. तिसरी: पंगत. प्रत्येक उत्तरपत्रिका तो टेबलावर अशी आपटायचा, जशी पहिलवान समोरच्याची पाठ आपटतो. “पंगत! पंगत! पंगत! स्वल्पविरामसुद्धा तोच! ही मास कॉपी आहे. अख्खा गठ्ठा गैरप्रकारात जाईल.”

म्हणजे काय, ते हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. सगळ्यांचे निकाल रोखणार, वर्ष बुडणार, त्या गावचं परीक्षा केंद्र काढणार. खेड्यांतून एसटीनं येणाऱ्या मुली तशाही काठावर शिकत असतात. एक वर्ष गेलं की घरचे कॉलेज बंद करतात.

माझा शेजारी पांढराफटक पडला होता. “सर,” तो कुजबुजला, “माझीच पोरं हायेत ही.”

“कशावरून?”

“मीच लिहून दिलंय. फळ्यावर. पाठ करा म्हणलो, शब्दाला शब्द.”

“आणि तुला हे कुणी लिहून दिलं?”

त्यानं पेनाचं टोक माझ्याकडे केलं. “तुम्हीच की.”

खरं होतं. वीस वर्षांपूर्वी माझ्याच डोक्यातून निघालेलं वाक्य. मी ते वर्गात सांगून सांगून इतकं झिजवलं होतं, की आता ते माझं म्हणून मलाच ओळखू आलं नव्हतं. आमच्याकडे मास्तर लिहून देतो, पोरगं पाठ करतं, ते पोरगं मास्तर होतं आणि लिहून देतं. याला कॉपी म्हणायचं तर दोन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं बंद करावी लागतील, पहिलं माझं.

आता गोची अशी, की स्वतःच्या कॉलेजचा गठ्ठा ओळखणंही नियमात बसत नाही. तो बोलला तर त्याची तासिका गेली. गप्प बसला तर पोरांचं वर्ष गेलं. माझं म्हणाल, तर निवृत्तीला दोन वर्षं होती. मी उठलो. सगळ्यांना वाटलं, आता हा काहीतरी बोलणार. मी जाऊन पाणी प्यालो. तीन ग्लास.

तिसरा ग्लास तोंडाला असतानाच मागून त्याचा आवाज आला. “सर, ती कॉपी न्हाई. ते मी शिकवलंय. जिम्मेदारी माझी. पोरांना सोडा.”

चेअरमननं हातातली उत्तरपत्रिका खाली टाकली. चार पावलं चालत आला आणि त्यानं त्याच्या कानाखाली अशी ठेवून दिली, की तो आवाज ऐकून माझ्या हातातला ग्लास पडला. लोक सांगतात, आवाज गंजगोलाईच्या बाजारापर्यंत गेला. मी तिथं नव्हतो, पण मला खोटं वाटत नाही.

“तासिकेवरचा तू,” चेअरमन म्हणाला, “आणि मला शिकवतोस?”

मग त्यानं गठ्ठा उचलला, कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात टाकला आणि दार लावायला लागला. कपाटाला एकदा कुलूप लागलं की गठ्ठा थेट वर, विद्यापीठात जाणार. माझा किरकोळ गडी धावला. त्यानं उजवा हात दाराच्या फटीत घातला. चेअरमननं बघितलं. हात दिसत होता त्याला. तरी त्यानं खांदा लावला आणि दार दाबलं.

बोटं मोडताना जो आवाज येतो, त्याला मी मीठमसाला लावणार नाही. वाळलेली तुराटी मोडावी तसा आला. तो ओरडला नाही. दुसऱ्या हातानं दार धरून उभा राहिला आणि म्हणाला, “सोडा पोरांना.”

त्यानंतर हॉलमधे कोण कुणाच्या बाजूनं होता ते कुणालाच कळलं नाही. लातूरवाले कपाटाकडे धावले. नांदेडवाल्यांना वाटलं आपल्या माणसावर चालून आले. एकानं स्टूल उचललं, ते भलत्याच्याच कपाळावर बसलं. रक्त उडून ‘होय’वर पडलं, ‘नाही’वर पडलं. इंग्रजीच्या टेबलावरचे दोघं, ज्यांचा या प्रश्नाशी संबंधच नव्हता, ते एकमेकांच्या कॉलरी धरून गडबडा लोळत होते. नंतर कळलं, त्यांचं जुनं होतं. कुणाच्या तरी हातात गठ्ठे शिवायचं दाभण आलं आणि ते एकाच्या दंडात दोन बोटं शिरलं. एक सभ्य गृहस्थ, जे तीस वर्षं अहिंसेवर व्याख्यानं देत होते, ते खुर्चीचा पाय घेऊन “कोण हाय? कोण हाय?” करत फिरत होते आणि जो सापडेल त्याच्या नडगीवर हाणत होते. कॉलेजचे प्राचार्य धावत आले, दारातून आत बघितलं आणि बाहेरून कडी लावून निघून गेले.

आता माझा पराक्रम. मी चेअरमनला उचलून कूलरवर फेकला, असं मी नांदेडात सांगतो. मुदखेडात सांगताना कूलर चालू असतो. रेणापूरच्या पाहुण्यांना सांगताना तो खिडकीतून खाली जातो. इथं लिहून ठेवायचं म्हणून सांगतो: मी टेबलाखाली होतो. तिथून मला फक्त पाय दिसत होते, आणि त्यांत त्या गड्याची चप्पल दिसली. कपाटापाशी. सगळा हॉल हलत होता, ती चप्पल हलत नव्हती. दारात अडकलेला हात त्यानं सोडवूनच घेतला नव्हता.

तेव्हा मी बाहेर आलो. खुर्चीवर चढलो आणि ओरडलो, “ते वाक्य माझं आहे! माझं! वीस वर्षं झाली!”

आयुष्यात पहिल्यांदा भर सभेत खरं बोललो आणि त्याच क्षणी पाण्याचा रिकामा जार तोंडावर आला. दात तोच.

शेवटी दम लागला म्हणून सगळे थांबले. दुसरं कारण नव्हतं. चेअरमनचा शर्ट खांद्यापासून फाटला होता, भुवईतून रक्त गळत होतं. तो आपल्या उंच खुर्चीत जाऊन बसला आणि त्यानं तशाच अवस्थेत गैरप्रकाराचा अहवाल लिहिला. दोन पानं. अक्षर वळणदार. मग घंटी वाजवली. “सह्या.”

नियम असा, की अशा अहवालावर चेअरमनबरोबर तिन्ही मॉडरेटरांच्या सह्या लागतात. एक कमी असली तर तो कागद शेव बांधायला.

पहिले वयस्कर मॉडरेटर गेले. फुटलेला चष्मा हातात होता. “साहेब, मला दिसून नाही राहिलं,” ते म्हणाले. “न वाचता मी कधी सही केली नाही.” आणि खुर्चीत बसले.

दुसरा गेला. कपाळाला रुमाल. “सर, मी तुमच्याकडूनच हाय. पण हे वर गेलं तर हाताचंबी वर जाईल. तुम्हीच अडकाल.” पेन टेबलावर ठेवून परत आला.

तिसरा त्याचा स्वतःचा माणूस. त्याच्याच हाताखाली पीएच.डी. केलेला, त्यानंच मॉडरेटर केलेला, टेम्पोतून खुर्ची उतरवणारा. चेअरमननं त्याच्याकडे कागद नुसता सरकवला. बघितलंही नाही.

“न्हाई सर,” तो म्हणाला.

“काय न्हाई?”

“सही न्हाई.”

चेअरमननं त्याच्या तोंडात मारली. तो तसाच उभा राहिला. ओठ फाटला होता. परत मारली. “न्हाई सर,” तो परत म्हणाला. आवाज रडका होता, पण शब्द तेच.

सात वर्षं ज्या माणसानं पंतप्रधानांवर लिहिलं, त्याला काय चाललंय ते आमच्या कुणाहीपेक्षा आधी कळलं असावं. त्यानं घंटी वाजवली. कुणी उठलं नाही. शिपाईसुद्धा नाही. एकदा वाजवली, दोनदा वाजवली, मग ती भिंतीवर मारली. आतून दार ठोठावून कडी काढून घेतली आणि जिना उतरून गेला. प्रकृतीच्या कारणानं मोकळं करावं म्हणून त्याचा अर्ज संध्याकाळच्या आत आला.

तोवर त्या गड्यानं कपाटाला कुणाला हात लावू दिला नव्हता. आता आम्ही दार उघडलं. तो गडी मग खाली बसला.

दवाखान्यात नेताना मी त्याला म्हणालो, “पोलिसात जाऊ. मी साक्ष देतो. सगळं बघितलंय मी.” कुठून बघितलं ते सांगितलं नाही.

“नगं सर.”

“काहून नगं? तीन बोटं मोडली तुझी!”

“केस झाली तर गठ्ठा पुरावा म्हणून जाईल. पोरांचा निकाल कवा लागायचा?” मग डॉक्टरांना त्यानं सांगितलं, कपाटाच्या दारात हात सापडला. एका अक्षरानं खोटं नव्हतं ते.

मी परत आलो तेव्हा हॉलमधे खुर्च्या गोल मांडल्या होत्या. शिपाई फरशीवरचं रक्त पुसत होता. वयस्कर मॉडरेटरांनी त्या गठ्ठ्यातल्या पाच उत्तरपत्रिका दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घेतल्या आणि ठरलं: ‘होय’ लिहा नाहीतर ‘नाही’ लिहा, मार्क कारणाला. गठ्ठा कुणी तपासायचा, तर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

“अहो, ते वाक्यच माझं आहे,” मी फुटक्या तोंडानं म्हणालो. “मी कसा तपासू?”

फाटक्या ओठाचा तिसरा मॉडरेटर म्हणाला, “मग तर तुम्हालाच कळेल सर, पाठ कुठं संपतंय आन् पोरगं कुठं सुरू होतंय.”

दोन दिवस मी तो गठ्ठा तपासला. स्वतःचं वाक्य शंभरदा वाचणं म्हणजे स्वतःच्याच हातानं स्वतःचा गळा आवळणं. बहुतेकांचं पोरगं सुरूच होत नव्हतं. पाठ संपलं की उत्तर संपायचं.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. त्याचा हात प्लास्टरमधे, गाल अजून सुजलेला.

“किती दिले?” त्यानं मी बसायच्या आधीच विचारलं.

“सहा. बहुतेकांना सहा.”

“सहाच?” तो उठूनच बसला. “हात मोडून घेतला मी, सर! सहा?”

“पास होतील सगळे. निकालाला धोका नाही. पण अरे, नुसतं पाठ आहे. कारण कुणीच दिलं नाही. एकाला मात्र तेरा दिलेत.”

“तेरा? कुणाला?”

“नाव कसं कळणार? निळी शाई, अक्षर डावीकडं कललेलं. मुलीचं असावं. पाठ केलेलं एक अक्षर नाही. लिहिलंय, पंतप्रधान अध्यक्षासारखा वागतो, पण बाकीचे वागू देतात तोवरच. आमच्या बचत गटात एक बाई असंच सगळं एकटीच ठरवायची. एके दिवशी बायकांनी सहीच केली नाही आणि ती घरी गेली. पण त्याच्या आधी चार वर्षं कुणी बोललं नव्हतं, म्हणून ती अध्यक्षच होती, असंही म्हणता येईल. दोन्ही बाजू. दीड पान.”

त्यानं डोळे मिटले.  मला वाटलं, आता रडतो.

“डावीकडं कललेलं म्हणता?”

“हाव.”

“ओळखलं. ती सर, वर्षभर माझ्या वर्गात एक दिवस आली न्हाई.”

मी हसलो. पडलेल्या दाताच्या फटीतून शिट्टी वाजली तरी हसत राहिलो. त्यानं डावा हात उचलला आणि माझ्या कानाखाली मारली. चेअरमनइतकी जोरात नाही, पण मनापासून.